शेडची हवा आणि ब्रॉयलरची वाढ



गळीत हंगाम आता आटोपत आला आहे. दर वर्षी या सुमारास या पानावर खोडवा राखणे, पाचट कुजविणे, बगला फोडणे याविषयी लिहिण्याचा प्रघात आहे. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. आपल्या कार्यक्षेत्रात उसाला जोड म्हणून ब्रॉयलर कोंबड्यांचे शेड उभारणारे सभासद पुष्कळ झाले आहेत. उसाची नोंद बघायला प्लॉटवर जावे तर बांधावरच अडवून विचारतात, "साहेब, ऊस कुठं जात नाही, आधी शेडात चला. खाद्य तेच, पिल्लू तेच, मग शेजाऱ्याच्या कोंबड्या भरतात आन् आमच्या धापा टाकीत बसतात, असं का?"

प्रश्न योग्य आहे. कोंबडीच्या रोगांवर औषध सांगणे हे पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचे काम, त्यात मी पडत नाही. परंतु वारा, ऊन, ओल आणि पाणी हा शेतकी खात्याचा विषय आहे, आणि वरील प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. आपल्याकडचे बहुतेक शेड करार पद्धतीवर चालतात. पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे, विक्रीही कंपनीची. मग शेतकऱ्याच्या हातात काय राहिले? शेड, पाणी, गादी आणि हवा. संगोपनाचा दर ठरतो तो एक किलो वजनाला किती खाद्य लागले आणि किती पक्षी मेले यावर. आणि या दोन्ही गोष्टी शेडमधल्या हवेवर फार अवलंबून असतात. म्हणजे जे आपल्या हातात आहे त्यावरच आपली पट्टी ठरते.

कोंबडीला घाम येत नाही

बैल उन्हात जुंपला तर त्याचे अंग ओले होते. घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. कोंबडीच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. वर पिसांची गोधडी. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणजे आपल्या अंगापेक्षा चार अंशांनी जास्त.

हवा गार असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर पडते. १८ ते २४ अंशांत मोठा पक्षी सुखात असतो. हवा तापू लागली की तो पंख अंगापासून दूर धरतो, गादी उकरून थंड जागी पोट टेकतो. तेवढ्यानेही भागले नाही की चोच उघडून धापा टाकू लागतो. घशातील व श्वासनलिकेतील ओलावा उडवून उष्णता बाहेर टाकण्याचा हा त्याचा शेवटचा उपाय आहे. कोंबडी धापते म्हणजे तिची मेहनत चालू आहे. त्या मेहनतीला ताकद लागते आणि ती ताकद खाद्यातून येते. शिवाय तापलेला पक्षी खाद्य कमी खातो, कारण पचनानेही अंगात उष्णता वाढते. म्हणजे खाल्ले कमी, आणि खाल्लेल्यातले धापण्यात गेले. वजन वाढणार कोठून?

धापणे फार वेळ चालले की श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्तातील आम्लाचा तोल बिघडतो, पक्षी मान टाकतो. यात सर्वांत आधी जातो तो सर्वांत वजनदार, उचलीला आलेला पक्षी. पस्तिसाव्या-अडतिसाव्या दिवशी मेलेल्या पक्ष्याने तोवर सुमारे तीन किलो खाद्य खाल्लेले असते. शंभर पक्षी गेले तर त्यांच्याबरोबर पन्नास किलोची सहा पोती खाद्य खड्ड्यात गेले असे समजावे.

गावरान कोंबडी उन्हात उकिरडा उकरीत फिरते, तिला काही होत नाही आणि ब्रॉयलरलाच का होते, असेही विचारले जाते. त्याचे कारण त्याच्या वाढीत आहे. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या सालांतील जातींचे मांसल पक्षी एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवून पाहिले, त्याचा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. ५६ दिवसांत १९५७ ची जात सुमारे ९०० ग्रॅम, १९७८ ची सुमारे १,८०० ग्रॅम आणि २००५ ची ४,२०० ग्रॅम भरली. पक्षी एवढ्या वेगाने वाढतो तेव्हा त्याच्या अंगातली भट्टीही तेवढीच पेटलेली असते. काळीज, फुप्फुसे मात्र त्या मानाने वाढत नाहीत. म्हणून हा पक्षी हवेच्या बाबतीत नाजूक आहे.

शेडमध्ये उष्णता येते कोठून?

दोन ठिकाणांहून. पहिले पत्र्यावरून. एप्रिल-मे मध्ये दुपारी पत्र्याला हात लावून बघा, लावता येणार नाही. तो पत्रा खाली पक्ष्यांच्या पाठीवर सारखी धग टाकतो. दुसरे स्वतः पक्ष्यांकडून. दोन किलोचा एक पक्षी साधारणपणे पंधरा-सतरा वॅट उष्णता बाहेर टाकतो. पाच हजार पक्ष्यांचे शेड म्हणजे हजार वॅटच्या ऐंशी शेगड्या रात्रंदिवस पेटलेल्या. ही उष्णता वाऱ्याने बाहेर नेली नाही तर ती आतच साठणार.

म्हणून शेड बांधतानाच काही गोष्टी सांभाळाव्यात. लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन आडव्या अंगाने आत येत नाही. उघड्या बाजूंच्या शेडची रुंदी तीस फुटांपेक्षा जास्त नसावी. त्याहून रुंद शेडमध्ये वारा मधल्या पक्ष्यांपर्यंत पोचत नाही. बाजूची उंची आठ फूट तरी असावी, वळचण तीन फूट बाहेर काढावी, बाजूची भिंत फूटभरच ठेवून वर जाळी असावी.

आता खास ऊसकऱ्यांसाठी एक सूचना. जागा वाचावी म्हणून पुष्कळांनी शेड उसाच्या फडाला खेटून बांधले आहे. लागणीच्या वेळी काही वाटत नाही. पण ऊस दहा फूट वाढला की तिन्ही बाजूंनी भिंत उभी राहिल्यासारखी होते. वारा बंद होतो आणि पाण्याखालच्या फडाची दमट हवा शेडभोवती कोंडते. शेडच्या लांब बाजूंना किमान पन्नास फूट उंच पीक घेऊ नये. तेथे हिरवळ, मेथीघास किंवा भुईमूग घ्यावा. पश्चिमेला कडुनिंब, शेवगा अशी झाडे लावावीत, मात्र त्यांच्या खालच्या फांद्या छाटाव्यात. वर सावली आणि खालून वारा, असे पाहिजे.

उन्हाळा : कोरड्या हवेचा फायदा घ्या

बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. पण आपल्या उन्हाळ्यात एक चांगली गोष्ट आहे. दुपारची हवा अगदी कोरडी असते. कोरडी हवा पाणी झपाट्याने उडविते आणि उडणारे पाणी हवा गार करते. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने.

आकड्यांत सांगतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर पाणी उडवून ती हवा जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात सगळा फायदा मिळत नाही. चांगले फॉगर, ओले गोणपाट किंवा पॅड लावले आणि वारा खेळता ठेवला तर बारा अंशांपर्यंत उतार मिळू शकतो, म्हणजे ४२ चे ३० होतात. पक्ष्याच्या दृष्टीने हा जगण्या-मरण्यातला फरक आहे.

त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. पाचट जाळू नका, ते शेतातच कुजवा, असे आम्ही नेहमी सांगतो, ते आजही कायम आहे. त्यातले थोडे मात्र पत्र्यावर चार-सहा इंच जाड पसरून जाळीने बांधावे, पत्र्याची धग पुष्कळ कमी होते. पाचट कोरडे असते, तेव्हा विजेच्या तारा व ब्रूडरची आग यांपासून ते लांब राहील याची खबरदारी घ्यावी आणि दुपारी त्यावर पाण्याचा फवारा द्यावा. वाऱ्याच्या बाजूचे गोणपाट भिजवावेत, पण त्यांनी वाराच अडेल असे गच्च लावू नयेत. फॉगर सलग चालवू नये. थोडा वेळ चालवावा, मग वाऱ्याला ते पाणी उडवू द्यावे. गादी भिजता कामा नये.

सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत खाद्य उचलून ठेवावे, म्हणजे पचनाची उष्णता ऐन दुपारच्या उष्णतेत पडत नाही. पहाटे व रात्री दिवा लावून खाऊ घालावे. दुपारी शेडमध्ये उगाच फिरून पक्षी उठवू नयेत. लसीकरण, वजन, पकडणे ही कामे पहाटे उरकावीत. दर पक्ष्याला एक चौरस फूट जागा देत असाल तर उन्हाळ्याच्या लॉटला सव्वा फूट द्यावी, म्हणजेच पिल्ले कमी घ्यावीत.

पाण्याविषयी विशेष सांगणे आहे. हजार मोठ्या पक्ष्यांना एरवी दिवसाला अडीचशे-तीनशे लिटर पाणी लागते, कडक उन्हात ते दुपटीवर जाते. पण शेडवरची काळी प्लॅस्टिकची टाकी उन्हात तापते आणि उघड्यावरच्या नळीतले पाणी चहासारखे कढत होते. कोंबडी असे पाणी पीत नाही. मग पाणी असून पक्षी तहानेने जातात. टाकीवर सावली करावी, ओले पोते गुंडाळावे, नळी जमिनीत गाडावी आणि दुपारी दोन-तीन वेळा नळीतले गरम पाणी सोडून द्यावे. आणि पाण्याचा हिशेब आधीच करावा. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे. पिण्याचे आणि फवाऱ्याचे पाणी जूनपर्यंत पुरणार नसेल तर मे महिन्याचा लॉट टाकू नये. रिकाम्या शेडचे नुकसान परवडते, मेलेल्या लॉटचे परवडत नाही.

पावसाळा : तोच उपाय उलटतो

जून लागला, पहिला पाऊस झाला, पारा ३४ वर आला, आणि माणूस म्हणतो, चला, सुटलो. येथेच फसगत होते. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असलेली हवा पाणी उडवून कितीही गार केली तरी २९ अंशांच्या खाली उतरत नाही. उन्हाळ्यातल्या सवयीने फॉगर चालू ठेवला तर जेमतेम तीन-चार अंश उतरतात, पण हवा पाण्याने भरून जाते. अशा हवेत पक्षी कितीही धापला तरी घशातला ओलावा उडत नाही, म्हणजे त्याचा शेवटचा उपायच बंद पडतो. म्हणूनच मे महिन्यातील ४२ अंशांत टिकलेला लॉट कधी कधी जूनच्या उकाड्यात झोपतो.

अशा दिवसांत पाणी बंद आणि वारा चालू, हे सूत्र ठेवावे. पडदे पूर्ण उघडावेत, पंखे असतील तर ते पक्ष्यांच्या उंचीवर झुलता वारा देतील असे लावावेत. हवा ओली असली तरी अंगावरून जोराचा वारा गेला की पिसांतली उष्णता निघते. लहान पिल्लांवर मात्र असा वारा घालू नये, ती गारठतात. साधे तापमापक सगळेच लावतात. त्याबरोबर आर्द्रता दाखविणारे यंत्र लावले तर आज फॉगर लावावा की नाही याचे उत्तर भिंतीवरच मिळेल.

हिवाळा : पडदा आणि श्वास

डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः पाटोदा, आष्टी, अंबाजोगाईकडे बालाघाटच्या माथ्यावर, रात्री चांगलाच गारठा पडतो. पहिल्या आठवड्यातील पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. त्याला ३३-३४ अंश ऊब पाहिजे. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करीत चौथ्या आठवड्यात २२-२४ वर यावे. पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच ब्रूडर पेटवून गादी तापवून ठेवावी. तापमापक पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगावा. छताजवळ टांगलेला तापमापक छताचे तापमान सांगतो, पिल्लांचे नव्हे.

तापमापकापेक्षाही खरे पिल्लेच सांगतात. ब्रूडरखाली एकावर एक गोळा झाली तर थंडी वाजते आहे. लांब पळून कडेला गेली, चोच उघडली, तर उष्णता जास्त. सगळी एकाच बाजूला दाटली तर कोठून तरी झोत येतो आहे. सारखी विखुरली, काही खातात, काही झोपतात, तर बरोबर आहे. दोन-चार पिल्ले उचलून त्यांचे पाय आपल्या गालाला लावून पाहावेत. गार लागले तर ऊब कमी आहे. सातव्या दिवशी पिल्लाचे वजन पहिल्या दिवसाच्या चौपटीपेक्षा जास्त भरले पाहिजे. या आठवड्यात जे मागे पडते ते पुढे भरून निघत नाही.

थंडीच्या भीतीने पडदे चहूबाजूंनी गच्च बांधणे हा मात्र दुसरा टोकाचा प्रकार. ब्रूडरच्या आगीचा धूर, पक्ष्यांचा श्वास, विष्ठेचा वास, सगळे आत कोंडते. अशा हवेत काळजावर ताण येऊन मोठ्या पक्ष्यांच्या पोटात पाणी होते, ही मरतूक हिवाळ्यातच जास्त दिसते. कोळशाची शेगडी बंद शेडमध्ये माणसालाही घातक आहे. पडदा खालून घट्ट आणि वरून उघडणारा असावा. वर फूटभर फट ठेवली की ताजी हवा छताखालून येते, तेथल्या गरम हवेत मिसळून मग खाली उतरते. पडदा खालून गुंडाळला तर गार झोत थेट पिल्लांच्या अंगावर येतो.

गादी आणि अमोनिया

शेडमध्ये अंथरलेले तूस म्हणजे गादी. विष्ठेतले नत्र ओलाव्यात कुजून अमोनिया वायू होतो. सकाळी शेडमध्ये शिरताच डोळ्यांना झोंबले की त्याचे प्रमाण धोक्याच्या वर गेले असे समजावे. हा वायू पक्ष्याच्या श्वासनलिकेची आतली नाजूक बाजू खराब करतो, मग कोणताही रोग आत शिरतो, लसही नीट लागत नाही. ओल्या गादीवर उभे राहून तळपायाला फोड येतात, छातीला चट्टे पडतात. पायाला ठणका लागलेला पक्षी उठत नाही, खाद्यापर्यंत जात नाही. मुके पाखरू आहे, सांगू शकत नाही. वजनकाटा मात्र सांगतो.

परीक्षा सोपी आहे. मूठभर गादी घेऊन दाबावी. मूठ उघडताच भुगा मोकळा झाला तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. अगदी धूळ उडाली तर फार कोरडी. ओली झाली तर चाळवावी, पाण्याच्या भांड्याखालची गच्च गादी काढून टाकावी, नवे तूस घालावे आणि वारा वाढवावा.

बगॅस गादीसाठी चालते का, असे बरेच सभासद विचारतात. चालते, पण ताजे नको. गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये निम्मे पाणीच असते आणि थोडी साखरही उरलेली असते. ते तसेच अंथरले तर बुरशी येते, ती बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाते. कडक उन्हात पूर्ण वाळवून, बुरशीचा वास किंवा डाग नसलेलेच वापरावे.

आणि एक लक्षात घ्या. उघड्यावर टाकलेला युरिया उडून जातो हे आपण जाणता. शेडमध्ये नाकाला जो झोंबतो तोही आपल्या उसाचा युरियाच उडतो आहे. गादी कोरडी राहिली तर पक्षी बरा राहतो आणि लॉट संपल्यावर खत चांगले मिळते. ते खत ताजे मात्र बेण्याजवळ घालू नये. ढीग घालून, ओलावा राखून कुजवावे आणि मगच सरीत घालावे.

बंद शेडवाल्यांसाठी

काही सभासदांनी पंखे आणि पॅडचे बंद शेड उभारले आहेत. त्यात तिन्ही ऋतूंत हवा आपल्या हातात राहते हे खरे. पण ती हवा विजेवर आहे. मोठे पक्षी भरलेल्या बंद शेडमध्ये दुपारी पंखे थांबले तर अर्ध्या तासात होत्याचे नव्हते होते. जनरेटर, डिझेल, वीज जाताच वाजणारी घंटा आणि रात्री शेडजवळ झोपणारा माणूस, या चार गोष्टी नसतील तर बंद शेडच्या नादी लागू नये. जनरेटर आठवड्यातून एकदा भार देऊन चालवून पाहावा.

हिशेब काय सांगतो?

पाच हजार पक्षी, सरासरी दोन किलो, म्हणजे दहा हजार किलो वजन. किलोला १.६ किलो खाद्य लागले तर १६,००० किलो. हवा बिघडली आणि तेच १.७५ वर गेले तर १७,५०० किलो. फरक दीड हजार किलोचा, म्हणजे तीस पोती. करारात हा फरक आपल्या संगोपन दरातून कापला जातो. पत्र्याला चुना, टाकीला सावली, पडद्याला वरून फट, यांना लागणारा खर्च या तीस पोत्यांच्या पासंगालाही पुरत नाही.

रोज एवढे करावे

दिवसातून तीन वेळा, पहाटे, दुपारी तीनला आणि रात्री झोपण्यापूर्वी, शेडमध्ये जाऊन पाच मिनिटे गुडघ्यावर बसावे. पक्ष्याच्या उंचीवर बसले की तो कोणत्या हवेत राहतो ते कळते. डोळे झोंबतात का, वारा लागतो का, किती पक्षी चोच उघडून आहेत, गादी कशी आहे, नळीतले पाणी हाताला कसे लागते, हे पाहावे. कमाल-किमान तापमान, पाण्याचा खप आणि मरतूक वहीत लिहावी. पाण्याचा खप अचानक बदलला तर काहीतरी बिघडते आहे, हे पक्षी आजारी दिसण्याच्या आधी कळते. मरतूक वाढली तर वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

उसाला पाणी उशिरा मिळाले तर ऊस चार दिवस कळ काढतो. चाळीस दिवसांच्या या पाखराजवळ तेवढी सवड नसते, एका दुपारीच निकाल लागतो. मार्च उतरणीला लागला आहे. पाडव्यापर्यंत पत्र्याला चुना आणि टाकीला सावली ही दोन कामे तरी उरकून घ्यावीत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी